पारा, गलाईचं घर आणि लघवीतला फेस : काय शोधायचं, काय तपासायचं

लघवीत प्रोटीन तीन प्लस (म्हणजे भरपूर), डोळ्यांखाली आणि घोट्यांवर सूज, शुगर नाही, वय तिशीच्या आसपास. असा रिपोर्ट हातात आला की मी पेशंटला एक प्रश्न विचारते : तुमच्याकडं कुठून पारा येतो का? दुकानातून, क्रीममधून, औषधातून, कुठूनही? मी डॉक्टर नाही, विट्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही. पण हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत आणि उत्तर ‘हो’ आलं तर उपचारांची दिशाच बदलू शकते. आमच्या भागात तर तो विचारलाच पाहिजे.

कारण आमचा भाग गलाईवाल्यांचा. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, पलीकडं साताऱ्यातले खटाव आणि माण. पावसानं कायम दगा दिलेला हा पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. माझे वडील तामिळनाडूत होते. खाली भट्टी आणि वर माळ्यावर संसार, हे चित्र आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलंय. म्हणून हे मी मुख्यतः गलाई बांधवांसाठी आणि त्यांच्या घरातल्या बायका-मुलांसाठी लिहितेय. पण क्रीम आणि औषधांचा भाग सगळ्यांनीच वाचावा.

आधी खरं काय ते

ऑटोइम्यून आजार म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर उलटणं. ल्युपस, आमवात, थायरॉइडचा हाशिमोटो हे त्यातले माहितीतले. पाऱ्यामुळं हे सगळं होतं का? याला एकच एक उत्तर नाही, आणि जो एका वाक्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो त्याच्यावर विसंबू नका.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो किडनीच्या एका आजाराचा. त्याचं नाव मेम्ब्रेनस नेफ्रोपथी. यात किडनीच्या गाळणीवर अँटिबॉडींचा थर साचतो, गाळणी गळकी होते आणि रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जातं, त्यानंच लघवीला फेस येतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले असे २२ पेशंट तपासले. त्यातल्या १५ जणांच्या बायोप्सीत ‘नेल-१’ नावाचं प्रोटीन सापडलं आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं होण्याचं क्रीम वापरल्याचं सांगितलं. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींच्या किडनीवर अशाच क्रीमनं परिणाम झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २०२२ मध्ये हाच नेल-१ प्रकार पारा असलेल्या पारंपरिक औषधांच्या संदर्भात मांडला. औषध थांबवल्यावर त्यांच्या बहुतेक पेशंटचं प्रोटीन उतरलं, आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

बाकीच्या आजारांबाबत दुवा आहे, पण सैल. उंदरांच्या काही ठरावीक जातींना पाऱ्याचा क्षार दिला की त्यांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. दुसऱ्या जातींना तोच डोस दिला तर काही होत नाही. म्हणजे पाऱ्याइतकीच अंगची घडणही महत्त्वाची. ब्राझीलमधल्या सोन्याच्या खाणीत पारा हाताळणाऱ्यांच्या रक्तातही अशा अँटिबॉडी जास्त आढळल्यात. अमेरिकेत २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, अंगात माशांतला पारा जास्त असलेल्या तरुण बायकांमध्ये एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींची रक्ततपासणी) जास्त वेळा पॉझिटिव्ह आलं. पण अँटिबॉडी सापडणं म्हणजे आजार होणं नव्हे. धडधाकट माणसांतही रक्त ४० पट पातळ करून (१:४०) तपासलं तर साधारण ३० टक्के आणि १६० पट पातळ करून (१:१६०) तपासलं तर ५ टक्के लोकांचं एएनए पॉझिटिव्ह येतं. ल्युपस किंवा आमवात पाऱ्यानंच झाला, असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. त्यामुळं सांधे दुखतात म्हणून कुणी पाऱ्याच्या मागं लागू नये. लघवीला फेस येतोय, सूज आहे आणि पाऱ्याशी संबंधही आहे, अशांनी मात्र थांबू नये.

दुकानातला पारा

तेजाबाची भीती सगळ्यांनाच असते, कारण त्याचा पिवळट-तांबडा धूर दिसतो आणि घसा धरतो. पाऱ्याची वाफ दिसतही नाही आणि तिला वासही नाही.

झारेकऱ्याचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको, पण घरातल्या बायकांना माहीत असावं म्हणून लिहिते. सोनाराच्या पेढीवरची धूळ, पॉलिशचा कचरा, पायपुसणी हे सगळं जाळून, चाळून, पाणी घालून घमेल्यात घेतात आणि त्यात पारा सोडून हातानं मळतात. सोन्याचे बारीक कण पाऱ्यात शिरतात. मग ते जाड कापडात घेऊन पिळलं की मोकळा पारा खाली गळतो आणि कापडात लोण्यासारखा मऊ, रुपेरी गोळा उरतो. तो गोळा मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) घालून भट्टीवर ठेवला की हळूहळू रुपेरी रंग जाऊन मातकट पिवळा येतो. रंग पालटताना जे नाहीसं झालं, ते कुठं गेलं? ते सगळं त्या खोलीच्या हवेत गेलं. पारा ३५७ अंशांना उकळतो आणि सोनं वितळतं १०६४ अंशांना. म्हणजे सोनं पातळ व्हायच्या कितीतरी आधी पारा उडालेला असतो.

आपली भीती नेमकी उलटी आहे. पोरानं थर्मामीटर चावून पारा गिळला की घरात रडारड होते, खरं तर गिळलेल्या पातळ पाऱ्यातला दहा-हजारावा भागसुद्धा अंगात शोषला जात नाही. (काचेनं तोंड कापलंय का ते मात्र बघा.) आणि श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसातून थेट रक्तात उतरतो. भट्टीशेजारी मूल झोपलेलं असतं तेव्हा कुणी रडत नाही.

तर दुकानात काय करायचं? पाऱ्याचं काम बंद करता येत असेल तर बंद करा. कचऱ्याचा माल मोठ्या रिफायनरीला विकण्यात दोन पैसे कमी सुटतील, पण माझा आग्रह हाच. ते शक्यच नसेल तर गोळा उघड्या मुशीत कधीही तापवू नका. वाफ थंड करून पारा परत धरून ठेवणारं बंद भांडं मिळतं, त्याला रिटॉर्ट म्हणतात. तेही मोकळ्या जागेत, वस्तीपासून लांब वापरायचं. रुमाल बांधून किंवा एन-९५ मास्क लावून पाऱ्याची वाफ अडत नाही, हे कृपा करून सगळ्या कारागिरांना सांगा. त्यासाठी पाऱ्याच्या वाफेसाठीच बनवलेलं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि ते कार्ट्रिज मुदतीत बदलावं लागतं. कामाचे कपडे दुकानातच उतरवायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. त्या जागेत जेवण नको, विडी-तंबाखू नको. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या इमारतीत राहायलाच नकोत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. वाफ थंड भिंतीवर, छताच्या काजळीत, फरशीच्या फटीत जाऊन बसते आणि गरम झालं की पुन्हा उठते. जुनं दुकान बंद करून तीच जागा राहायला घ्यायची असेल तर आधी गिलावा खरवडून, लाकडी फळ्या काढून टाका. नुसता रंग मारून भागत नाही.

क्रीम

आमच्याकडं आलेली एक वहिनी, गलाईवाल्याच्याच घरातली. सगळ्यांनी भट्टीवरच संशय घेतला. मी म्हटलं, तोंडाला काय लावता ते घेऊन या. तिनं पिशवीतून एक छोटी डबी काढली. शहरातल्या कुठल्याशा पार्लरमधून आणलेली. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. पण बारीक अक्षरात लिहिलं होतं की सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. सोनाराच्या घरातल्या माणसाला त्याचा अर्थ कळायला हवा : सोन्याला धरणारी चीज पाराच. पुढं मिरजेला बायोप्सी झाली, नेल-१ निघालं. क्रीम बंद केलं, किडनीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. प्रोटीन उतरायला बरेच महिने गेले, पण उतरलं.

डबीवर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसलं तर ती डबी घरात नको. पण खरी भीती काहीच न लिहिलेल्या डबीची. आठ-दहा दिवसांत रंग उजळतो आणि सोडलं की आधीपेक्षा काळवंडतं, हीही खूण. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला मनाई आहे. चुकून राहिलेला पाराही साधारण प्रसाधनात दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. अशा डब्यांमध्ये मात्र त्याच्या हजारो पट पारा सापडलाय. जी लावते तिलाच धोका, असंही नाही. हा पारा उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या गालाला लागतो.

औषधं आणि घरातल्या वस्तू

रससिंदूर, मकरध्वज, कज्जली हे पाऱ्याचेच कल्प आहेत, आणि आरोग्यवर्धिनीसारख्या नेहमीच्या गोळीतही कज्जली असते. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या घरात काढे चालतातच. पण नाव लिहिलेलं नसलेली पुडी, जत्रेत घेतलेली शक्तीची गोळी, ‘भस्म’ म्हणून कुणी दिलेली राख घेऊ नका. वैद्यांकडून औषध घेताना नाव कागदावर मागून घ्या आणि रसौषधी (पारा घातलेलं औषध) आहे का, हे सरळ विचारा. चांगला वैद्य यावर रागावत नाही. किडनीचा त्रास निघाला असेल तर रसौषधी लगेच थांबवून दोन्हीकडच्या डॉक्टरांना तसं सांगा.

धान्याच्या कोठीत ठेवायच्या पाऱ्याच्या टिकड्या काढून टाका, कडुलिंबाचा पाला बरा. देवघरात पारद शिवलिंग असेल तर असू द्या, पण त्यावर घातलेलं दूध-पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका. मुशीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे गरोदरपणात टाळा. बांगडा, तारली चालतात. दातातल्या चांदीत निम्मा पारा असतो, पण म्हणून चांगल्या बसलेल्या फिलिंगा उपटून काढायला जाऊ नका. उकरतानाच जास्त वाफ सुटते, आणि त्या काढल्यानं ऑटोइम्यून आजार बरा होतो असं दिसलेलं नाही. लसीचं म्हणाल तर काही लसींच्या जास्त डोसांच्या बाटलीत थायोमर्सल हे पारा असलेलं, लस टिकवणारं द्रव्य असतं, ते अत्यल्प असतं आणि शरीरातून लवकर निघून जातं. त्या भीतीनं मुलांची लस चुकवू नका.

पारा सांडला तर

थर्मामीटर फुटलं तर त्यात अर्धा ते एक ग्रॅमच पारा असतो. घाबरायचं नाही, पण झाडूही उचलायचा नाही. झाडूनं मोठा थेंब फुटून शंभर बारीक होतात. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, तो वाफ खोलीभर फेकतो. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, आतलं दार लावून घ्या, एसी बंद. मग हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा. पारा सोन्याला लागला की पांढरा डाग पडतो आणि तो डाग तापवून काढायला कुणी बसलं की पुन्हा तीच वाफ.

हातमोजे घालून पोस्टकार्डासारख्या जाड कागदानं थेंब एकत्र लोटा, ड्रॉपरनं उचलून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. दिवा मालवून बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की राहिलेले बारीक थेंब चमकतात, ते चिकटपट्टीनं उचला. फटीत गेलं असेल तर गंधकाची पूड भुरभुरा, गंधक पाऱ्याला बांधून ठेवतं. मोरीत ओतू नका, शेगडीत टाकू नका. बाटली, कागद, पट्टी, मोजे सगळं जाड पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. पाऱ्याचं मोडकं थर्मामीटर हा घातक कचरा आहे, तो नगरपालिकेकडं वेगळाच द्यायचा. बीपीच्या जुन्या यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या घरात पारा असतो. ते फुटलं तर स्वतः हात घालू नका.

तपासणी

सुरुवात साध्या लघवीच्या तपासणीनं करा. सकाळची पहिली लघवी द्या. प्रोटीन आलं तर लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातलं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ). इथं एक गल्लत नेहमी होते. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठीक’ असं लोक म्हणतात. मेम्ब्रेनसमध्ये सुरुवातीला क्रिएटिनिन अगदी नॉर्मल असतं आणि प्रोटीन मात्र धो-धो जात असतं. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं तर ते फार झालं.

पाऱ्यासाठी भट्टीवाल्यांनी आणि क्रीमवाल्यांनी लघवी तपासायची. मासे जास्त खाणाऱ्यांचं रक्त. आमच्याकडून हे नमुने बाहेरच्या मोठ्या लॅबला जातात, म्हणून डबा लॅबकडूनच घ्या, घरातली बरणी नको. कामाच्या कपड्यांत, दुकानात बसून नमुना भरू नका. हाताला लागलेला पारा डब्यात पडला तर आकडा खोटा येतो. लघवीतला आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मागा. कामाशी संबंध नसलेल्या माणसात तो सहसा १० मायक्रोग्रॅमच्या आत असतो. पारा हाताळणाऱ्या कामगारांसाठी एका ग्रॅम क्रिएटिनिनला २० मायक्रोग्रॅम ही अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची मर्यादा आहे. पण मेम्ब्रेनस हा आजार आकड्याच्या हिशेबात चालत नाही. कुणाला थोड्या पाऱ्यानं होतो, कुणाला भरपूर असून होत नाही. शिवाय पारा सुमारे दोन महिन्यांत निम्मा होतो, म्हणून सहा महिन्यांपूर्वी क्रीम सोडलं असेल तर रिपोर्ट चांगला येऊनही मूळ कारण तेच असू शकतं.

आधी पारा ओढून काढणारी गोळी देऊन मग लघवी तपासतात, तसली तपासणी कुणी सुचवली तर नाही म्हणा. त्या गोळीनं कुणाचाही आकडा वाढतो आणि मग ‘डिटॉक्स’चा कोर्स गळ्यात पडतो. पारा काढायची औषधं असतात, पण ती तज्ज्ञांनीच द्यायची. त्यातलं एक जुनं औषध पेनिसिलामाइन. त्यानं स्वतःच मेम्ब्रेनस नेफ्रोपथी होऊ शकते, एवढं एकच उदाहरण पुरे.

डॉक्टरांकडं जाताना

किडनीच्या डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर लिहून न्या : काम काय, किती वर्षं, पारा शेवटचा कधी हाताळला, घर आणि भट्टी किती लांब, कोणतं क्रीम, कोणतं औषध, केव्हापासून. डब्या आणि पुड्या सोबत न्या, फेकून देऊ नका, त्यांचीच तपासणी करता येते. रक्ताची पीएलए-टू-आर तपासणी (मेम्ब्रेनसमधल्या अँटिबॉडीची) करायची का, असं विचारा. नेहमीच्या मेम्ब्रेनसमध्ये साधारण ७० टक्के पेशंटांत ती पॉझिटिव्ह येते. ती निगेटिव्ह आली आणि बायोप्सी ठरली, तर नमुन्यात नेल-१ बघणार का, हेही विचारा. नेल-१ काही वेळा कॅन्सरबरोबरही दिसतं, त्यामुळं वय जास्त असेल तर डॉक्टर ती बाजूही तपासतात. त्याला घाबरून बायोप्सी टाळू नका.

चालू असलेल्या स्टिरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळ्या, ‘कारण सापडलं, आता पारा बंद केला’ म्हणून मनानं सोडायच्या नाहीत. आणि प्रोटीन फार जात असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. एकाच पोटरीत कळ येऊन ती सुजली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर उद्याची वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठा.

पारा बंद केल्यावर लघवीतला पारा साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बघावा. प्रोटीन डॉक्टर सांगतील तसं, बहुधा दर महिन्या-दोन महिन्यांनी. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाइलीत लावा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. आणि एका माणसात सापडलं की त्याच छपराखाली राहणाऱ्या, तोच टॉवेल वापरणाऱ्या सगळ्यांची साधी लघवी तपासून घ्या, लहान मुलांचीसुद्धा.